हिरव्या शेवाळापासून हायड्रोजन: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

विज्ञान प्रदर्शनात शेवाळाची बाटली टेबलावर ठेवली की दिवसभर तेच ते प्रश्न येतात. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, नंतर घरीही दोन-चार बाटल्या चालू ठेवल्या, त्यामुळे उत्तरं आता तोंडपाठ झाली आहेत. ती एकदाची लिहून ठेवतो.

शेवाळातून हायड्रोजन निघतो हे खरं का?

खरं आहे, आणि नवीनही नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हान्स गॅफ्रॉन या शास्त्रज्ञाने शिकागो विद्यापीठात रुबिन या सहकाऱ्याबरोबर १९४२ साली हे प्रसिद्ध केलं. सेनेडेस्मस नावाचं हिरवं शेवाळ काही काळ हवेविना ठेवलं आणि मग त्यावर उजेड पाडला, तर ते हायड्रोजन सोडतं. पण गॅस थोडा वेळ यायचा आणि बंद पडायचा, त्यामुळे पुढची कित्येक दशकं ही प्रयोगशाळेतली गंमतच राहिली.

कुठलं शेवाळ? आमच्या विहिरीच्या काठावरचं चालेल का?

नाही. विहिरीच्या दगडावरचं मऊ हिरवं बहुधा मॉस असतं, ती वेगळी वनस्पती. या कामाला सगळ्यात जास्त वापरलं जातं ते क्लॅमिडोमोनास राइनहार्टी. एकाच पेशीचा जीव, लांबी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये शंभर पेशी ओळीनं बसतील. पुढे पोहायला दोन शेपट्या, आत कपाच्या आकाराचं एकच हरितलवक आणि उजेड कुठून येतो हे ओळखणारा एक नारिंगी ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर यात्रेतल्या गर्दीसारखं सगळं इकडून तिकडे पळत असतं. जगभरच्या प्रयोगशाळांतले बरेचसे वाण १९४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका बटाट्याच्या शेतातल्या मातीतून वेगळ्या केलेल्या शेवाळाचे वंशज आहेत.

पण त्याला हायड्रोजन करायची गरजच काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरी मेख इथेच आहे.

उजेड पडला की हरितलवकात पाण्याचे रेणू फुटतात. ऑक्सिजन बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन पुढे निघतात. ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी फेरेडॉक्सिन नावाच्या छोट्या प्रथिनापाशी पोचतात. नेहमी तिथून ते साखर तयार करण्याच्या कामाला लागतात. पण साखर करण्याचं यंत्र बंद असेल आणि इलेक्ट्रॉन येतच राहिले, तर?

आपल्याकडे राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. पाणी ठरावीक पातळीवर गेलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि पाणी भोगावतीत सुटतं. ते पाणी कुणाच्या शेतासाठी म्हणून सोडलेलं नसतं, ते धरणावरचा ताण कमी करायला सुटतं. शेवाळातलं हायड्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) म्हणजे तसा दरवाजा. जास्तीचे इलेक्ट्रॉन हे विकर पाण्यातल्या प्रोटॉनवर टाकतं, दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन मिळून हायड्रोजनचा एक रेणू होतो आणि बुडबुड्यातून निघून जातो. शेवाळाच्या दृष्टीनं हा तोटाच. कमावलेली ऊर्जा ते हवेत सोडतं. आपण मात्र त्या सांडव्याखाली घागर धरून उभे आहोत, आणि सांडवा जास्त वेळ उघडा कसा राहील याच्या खटपटीत आहोत.

मग गॅस लगेच बंद का पडतो?

कारण हा दरवाजा ऑक्सिजन लागला की मोडतो. हायड्रोजिनेजच्या गाभ्यात लोह आणि गंधकाच्या अणूंचा एक गुच्छ असतो. काम करताना तो अत्यंत वेगवान, एका सेकंदाला हजारो रेणू तयार करण्याच्या तोडीचा. पण ऑक्सिजनचा स्पर्श झाला की निकामी, आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. आता अडचण बघा. हायड्रोजनसाठी इलेक्ट्रॉन पाण्यातून हवेत, आणि पाणी फुटलं की ऑक्सिजन येणारच. एकाच घरात विस्तव आणि लोणी.

ह्यावर तोडगा कसा निघाला?

उपाशी ठेवून. २००० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे अनास्तासिओस मेलिस आणि कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेचे संशोधक यांनी मिळून एक साधी युक्ती प्रसिद्ध केली: शेवाळाच्या खाद्यातून गंधक काढून टाकायचा.

गंधकच का? पाणी फोडणाऱ्या यंत्रणेत डी-१ नावाचं एक प्रथिन आहे. उजेडात काम करता करता ते सतत खराब होतं आणि पेशी ते पुन्हा पुन्हा नवं बनवत राहते. नव्या प्रथिनाला गंधक लागतो. तो मिळाला नाही की पाणी फोडण्याचं काम मंदावतं, पण श्वसन चालूच राहतं. बाटली बंद असेल तर साधारण दिवसभरात पेशी आतला सगळा ऑक्सिजन स्वतःच संपवून टाकतात. मग नव्यानं बनलेलं हायड्रोजिनेज कामाला लागतं. पाणी फोडणारी यंत्रणा पूर्ण मेलेली नसते, थोडी थोडी चालू असते, आणि उपासमारीच्या पहिल्या दिवसात पेशींनी साठवलेला पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, तोही तुटून इलेक्ट्रॉन देतो. त्या दोघांवर गॅस तीन-चार दिवस चालतो.

नंतर गंधक परत दिला की पेशी सावरतात. पुन्हा वाढवा, पुन्हा उपाशी ठेवा.

बाटलीत प्रत्यक्ष काय दिसतं?

माझ्याकडे एक लिटरची चपटी काचेची बाटली आहे, रबरी बुचाची. बुचातून एक बारीक नळी निघते आणि पाण्यात उलट्या ठेवलेल्या मोजपात्रात जाते. दोन्ही बाजूंना एलईडीच्या पट्ट्या, खाली चुंबकीय ढवळणी. पहिल्या दिवशी पालकाच्या रसासारखं गडद हिरवं द्रव, बाकी काही नाही. बघायला आलेली मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा येतो, फुगतो, आणि बराच वेळ सुटतच नाही. मग सुटतो. तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी ओळ लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी रंग पोपटी पडू लागतो आणि बुडबुडे विरळ होतात.

परीक्षानळीत गोळा केलेल्या गॅसजवळ जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज येतो. हवा मिसळली असेल तर आवाज मोठा. गॅस शुद्ध असेल तर तो शांतपणे जळतो आणि पोरांचा हिरमोड होतो.

तुमचं कधी फसलं का?

पहिली दोन वर्षं फसतच होतं. खाद्यातलं मॅग्नेशियम सल्फेट (सल्फेट म्हटलं की गंधक आलाच) काढून त्याजागी मॅग्नेशियम क्लोराइड घातलं आणि झालं असं समजलो. बाटली आठवडाभर हिरवीगार, बुडबुडा एकही नाही. मग लक्षात आलं की सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या द्रावणात झिंक सल्फेट, फेरस सल्फेट, कॉपर सल्फेट तसंच होतं. तेही बदललं. तरी नाही. शेवटी कळलं की पेशी धुवायला मी नळाचं पाणी वापरत होतो, आणि त्यातही सल्फेट असतं. उपवास आहे म्हणायचं आणि मागच्या दारानं शेंगदाणे द्यायचे, तसा प्रकार. ऊर्ध्वपातित पाण्यानं तीन वेळा धुतलं, तेव्हा पहिला बुडबुडा दिसला.

एका उन्हाळ्यात बाटली गच्चीवर ठेवून बाहेरगावी गेलो. दोन दिवसांनी आलो तर आत फिकट पिवळं पाणी आणि तळाला गाळ. त्याबद्दल पुढे.

“सर, ह्यावर माझी बुलेट चालंल का?”

प्रत्येक प्रदर्शनात हा प्रश्न येतो, आणि मला तो आवडतो, कारण ह्यात हिशेब मांडता येतो.

गंधकाच्या पद्धतीत एक लिटर शेवाळ तासाला साधारण २ ते २.५ मिलिलिटर हायड्रोजन देतं आणि एका हप्त्यात एकूण दीडशे मिलिलिटरच्या आसपास. एक चहाचा कप समजा, तोही गॅसचा. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण साडेतीन लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, म्हणजे बुलेट इथून बेळगावला पोचेल. पण नेहमीच्या तापमानाला एक किलो हायड्रोजन म्हणजे जवळपास १२,००० लिटर गॅस. त्याला भागाकार करा: ८०,००० लिटर शेवाळ. पाण्याचे दहा हजारी आठ टँकर, सगळे काचेत भरलेले, उजेडात ठेवलेले, आठवडाभर सांभाळलेले. आणि परतीचा प्रवास वेगळा.

तर भावा, नाही चालणार.

निदान घरचा गॅस तरी?

एका मावशींनी विचारलं होतं, सिलिंडर हजाराच्या घरात गेला तेव्हा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या ऊर्जेएवढा हायड्रोजन हवा असेल तर सुमारे ६५,००० लिटर गॅस लागेल, म्हणजे सव्वाचार लाख लिटरहून जास्त शेवाळ. दोन कप चहाचं पाणी उकळायला, शेगडीत निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर, सव्वाशे लिटर शेवाळाचा एक आठवडा. मावशी म्हणाल्या, “त्यापेक्षा चहाच सोडते.”

मग सोलर पॅनेल बरं का?

आजच्या घडीला, हो. छतावरचं चांगलं पॅनेल उन्हातली सुमारे २० टक्के ऊर्जा विजेत बदलतं. त्या विजेनं पाणी फोडलं तर उन्हापासून हायड्रोजनपर्यंत १३ टक्क्यांच्या आसपास पोचतं. शेवाळाची सैद्धांतिक मर्यादाच १० ते १३ टक्के सांगतात आणि प्रत्यक्षात ते एक टक्क्यालाही शिवत नाही. शेवाळाची जमेची बाजू इतकीच, की पॅनेल कारखान्यात करावं लागतं आणि शेवाळ स्वतःच्या प्रती स्वतः काढतं.

रंकाळ्यातलं शेवाळ वापरता येईल का? तेवढाच रंकाळा स्वच्छ होईल.

येणार नाही, आणि हा प्रश्न आला की मी जरा चिडतो. रंकाळ्यावर येणारा हिरवा तवंग बहुतेक वेळा हिरव्या शेवाळाचा नसतो. ते मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित जिवाणू असतात, आणि त्यातले काही यकृताला घातक विष तयार करतात. हायड्रोजनच्या बाटलीला एकाच वाणाची स्वच्छ लागवड हवी, आणि तळ्यातलं पाणी म्हणजे शंभर जातींची जत्रा. त्यातले सूक्ष्मजीव चार दिवसांत आपल्या शेवाळाला खाऊन टाकतील.

तळ्यात तवंग येतो तो सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे. ते येणं थांबवलं तर तवंग थांबेल. हायड्रोजनचं नाव पुढे करून सांडपाण्याचा विषय मागे पडू नये, एवढंच माझं म्हणणं. काढलेल्या तवंगाचं काही करायचंच असेल तर बायोगॅसचा विचार करा, तोही विष तपासून.

साखर कारखान्यांना याचा काही उपयोग?

शेवाळाचा सध्या नाही. पण हायड्रोजनचा जैविक रस्ता आणखी एक आहे आणि तो आपल्या जिल्ह्याला जास्त मानवेल. त्याला उजेड लागत नाही. क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू हवेविना साखर आंबवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे जास्तीत जास्त चार रेणू हायड्रोजन निघू शकतो, व्यवहारात निम्म्याच्या आसपास मिळतो. वेग मात्र शेवाळाच्या कितीतरी पट. मळी, आसवनीचं सांडपाणी, उसाचा चोथा यात साखर किंवा साखरेत बदलता येणारा माल भरपूर आहे. अर्थात मळीला इथेनॉलचा भाव मिळतोय तोवर ती हायड्रोजनला कोण देईल? प्रेसमडचा, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचा, बायोगॅस तर आजही निघतो, त्याला कुठलंही नवं विज्ञान लागत नाही.

गूळ करणाऱ्या एका मामांनी गुऱ्हाळात काहिलीवरची मळी दाखवून विचारलं होतं, “ह्यातनं निघंल का?” निघेल, मामा, पण जनावरांना घातली तर जास्त पैसे सुटतील.

स्पायरुलिनापासून?

स्पायरुलिना म्हणून विकतात ते हिरवं शेवाळ नाही, नीलहरित जिवाणू आहे. त्याची पावडर खा, नाहीतर सोडा.

कोल्हापूरच्या हवेत हे शेवाळ टिकेल का?

दिवाळी ते शिवरात्र उत्तम. त्याला २० ते २८ अंश मानवतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेली बंद बाटली बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि पेशी मरतात. गच्चीवर माझं तेच झालं. म्हणजे मोठा प्रकल्प करायचा तर गार करायला वीज किंवा पाणी, आणि तिथंच अर्धी कमाई गेली. पावसाळ्यात उलटं, बाटली थंड राहते पण उजेड नाही.

ऊन जास्त म्हणजे गॅस जास्त असंही नाही. वरच्या थरातल्या पेशी गरजेपेक्षा जास्त प्रकाश शोषतात आणि उष्णता म्हणून सोडून देतात, तर खालच्या पेशी अंधारात राहतात. पंक्तीला वरच्या पानांवरच सगळी भाजी वाढल्यासारखं. म्हणून प्रकाश पकडणाऱ्या पसाऱ्याचा आकार कमी केलेले वाण बर्कलेत तयार केले गेले, म्हणजे प्रत्येक पेशी थोडंच घेईल आणि उजेड तळापर्यंत झिरपेल.

संशोधन आता कुठवर आलंय?

तीन वाटा मला महत्त्वाच्या वाटतात.

जर्मनीतलं बीलेफेल्ड आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड या विद्यापीठांनी मिळून २००५ साली एसटीएम-६ नावाचा वाण प्रसिद्ध केला. त्यात स्टार्च जास्त साठतो आणि एका लिटरमागे सुमारे ५४० मिलिलिटर हायड्रोजन मिळाला, दहा ते चौदा दिवसांत. वरच्या हिशेबात हा आकडा घातला तर बुलेटचे आठ टँकर सव्वादोनवर येतात. तरीही टँकरच.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाची २०१८ सालची युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. त्यांनी गंधक काढलाच नाही. सेकंदभर उजेड, मग काही सेकंद अंधार, पुन्हा उजेड, असं चालू ठेवलं. साखर करणाऱ्या यंत्रणेला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. ती उठायच्या आत दिवा बंद. त्यामुळे इलेक्ट्रॉन हायड्रोजिनेजकडे वळतात. शेवाळ उपाशी राहत नाही, म्हणून दमतही नाही.

तिसरी वाट अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाची, २०२० सालची. तिथे हायड्रोजिनेज थेट प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेलाच जोडून टाकलं. फेरेडॉक्सिनपाशी इलेक्ट्रॉन कुणी घ्यायचे हे भांडणच मिटवलं. ऑक्सिजनचा प्रश्न मात्र तिथेही उरलाच.

सरकारचं ग्रीन हायड्रोजन मिशन म्हणजे हेच का?

नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींच्या त्या मिशनचा मुख्य भर सौर-पवन विजेनं पाणी फोडण्यावर आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. जैवभारापासून केलेला हायड्रोजनही व्याख्येत बसतो, पण एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड होता कामा नये.

एक जण शेवाळ-हायड्रोजन प्रकल्पात पैसे गुंतवा म्हणतोय. गुंतवू का?

माझ्याच एका नातेवाइकानं अशाच एका योजनेत निवृत्तीचे पैसे घातले. नाव घेत नाही. रंगीत पत्रक होतं, हिरव्या नळ्यांचे फोटो होते, आकडा एकही नव्हता. तुम्ही फक्त एवढंच विचारा: एका लिटरमागे तासाला किती मिलिलिटर, सलग किती दिवस, आणि प्रयोगशाळेच्या दिव्याखाली की उघड्या उन्हात? उत्तरात ‘क्रांती’ हा शब्द आला तर चहा पिऊन उठा.

घरी किंवा शाळेत करून बघता येईल का? धोका?

शिक्षक सोबत असतील तर येईल. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्के असो की ७५, ठिणगीला पेट घेतो, आणि त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. बाटलीतला गॅस थोडा असतो, पण काडी कधीही बाटलीच्या तोंडाशी नेऊ नका. गॅस परीक्षानळीत वेगळा घ्या, बाटली लांब ठेवा, चष्मा घाला. फुग्यात किंवा प्लास्टिकच्या बाटलीत साठवून घरी न्यायचा हट्ट मुलं धरतात. नाही म्हणायचं. वाण मिळवायचा तर जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विभागात विचारा; जागतिक संग्रह अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आहे, पण तिथून मागवणं शाळेच्या आवाक्यातलं नाही.

तुमची बाटली बघायला येऊ का?

या की. पण गंधक काढल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी या, दुपारी तीनच्या पुढे. आधी आलात तर नुसतं हिरवं पाणी बघून जाल.